मान वळवली तरी जग जागेवर: व्हीआर चालतं कसं?

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, संगणकाने उभं केलेलं आभासी जग. ते पाहण्यासाठी डोळ्यांवर चढवायचा हेडसेट घातलेला माणूस बाहेरून पाहिला तर जरा वेडगळच वाटतो. रिकाम्या खोलीत तो हवेत काहीतरी चाचपडतो, कुठेच नसलेल्या फांदीखालून वाकतो, समोर दरी आहे असं समजून दोन पावलं मागे सरतो. विचारलंत तर तोच सांगेल की हे सगळं खोटं आहे. तरीही त्याचे गुडघे लटपटतात.

याचं श्रेय बहुतेक जण पडद्याला देतात. डोळ्यांसमोर मोठं थ्रीडी चित्र आणलं की माणूस फसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण डोळ्यांजवळचं थ्रीडी चित्र ही फार जुनी गोष्ट. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्टिरिओस्कोप मांडला, तेव्हा छायाचित्रणाचा शोध जाहीरसुद्धा झाला नव्हता. आपल्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते आणि या फरकावरून मेंदू ती किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. व्हीटस्टन यांनी दोन डोळ्यांना मुद्दाम दोन वेगळी रेखाचित्रं दाखवली आणि सपाट कागदावरच्या रेघांना उठाव आला. आजच्या हेडसेटमध्येही डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगळं चित्र असतं, ते याच कारणासाठी. मात्र स्टिरिओस्कोपमध्ये दरी पाहून कुणी मागे सरकल्याचं ऐकिवात नाही.

फरक पडतो तो मान वळवल्यावर. स्टिरिओस्कोप डोळ्यांना लावून मान उजवीकडे नेली तर चित्रही तुमच्याबरोबर उजवीकडे येतं. खरं जग असं वागत नाही. तुम्ही वळलात तरी टेबल जिथल्या तिथे असतं. तुमच्या नजरेत ते डावीकडे सरकतं, तुम्ही जवळ झुकलात तर मोठं होतं, आणि एका बाजूला वाकलात तर त्यामागे दडलेलं काहीतरी दिसू लागतं. व्हीआरचा सगळा खटाटोप हे एवढं साधण्यासाठी आहे. म्हणून हेडसेटला मी आधी मोजण्याचं यंत्र म्हणेन आणि नंतर दाखवण्याचं. डोकं या क्षणी नेमकं कुठे आहे आणि कुठल्या दिशेला वळलं आहे, हे कळल्याशिवाय दाखवायचं काय, हेच त्याला ठरवता येत नाही.

ही गोष्ट फार आधी ओळखली आयव्हन सदरलँड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी. १९६८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर घालायचा एक पडदा बनवला. त्याला जोडलेला यांत्रिक दांडा छताला टांगलेला होता आणि डोक्याची जागा त्या दांड्यावरून मोजली जायची. चित्र म्हणाल तर नुसत्या उजळ रेघांचे सांगाडे, रंग नाही की पृष्ठभाग नाही. पण माणूस हलला की त्या रेघाही तितक्याच हिशोबाने बदलायच्या. दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवणं महत्त्वाचं खरं, पण डोकं हलल्यावर चित्रात होणारा बदल त्याहून महत्त्वाचा, असं सदरलँड यांनी शोधनिबंधात स्पष्ट नोंदवलं आहे. आजही व्हीआरच्या जाहिरातींत पडद्याचे पिक्सेल मोजले जातात, तेव्हा हे वाक्य आठवावं.

डोकं मोजायचं कसं

छताला टांगलेला दांडा कुणी घरी वापरणार नाही. आता त्याची जागा दोन प्रकारच्या सेन्सरांनी घेतली आहे.

पहिला प्रकार तुमच्या फोनमध्येही आहे. जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो आणि अ‍ॅक्सिलरोमीटर वेगात होणारा बदल, म्हणजे प्रवेग. नखाएवढ्या चिपवर बसणारे हे सेन्सर सेकंदाला साधारण हजार वेळा आकडे देतात. इतक्या जलद दुसरं काहीच सांगू शकत नाही. अडचण अशी की त्यांना जागा कळत नाही, बदल तेवढा कळतो. प्रवेगावरून वेग काढायचा, वेगावरून अंतर काढायचं आणि ते आधीच्या जागेत मिळवायचं, अशी ही बेरजेवर बेरीज असते आणि तिच्यात बारीकशी चूकही भराभर फुगते. प्रवेग मोजताना मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात नुसती ०.०१ ची चूक सतत होत राहिली, तरी दहा सेकंदांत हिशोब अर्धा मीटर चुकतो. मिनिटभरात तो १८ मीटर चुकलेला असेल, म्हणजे हेडसेटच्या मते तुम्ही भिंत ओलांडून बाहेर पोहोचलेले असाल.

म्हणून सोबतीला कॅमेरे लागतात. हेडसेटच्या बाहेरच्या बाजूला बसवलेले कॅमेरे खोलीतल्या ठळक खुणा टिपत असतात: टेबलाची कड, खिडकीचा कोपरा, भिंतीवरची चौकट. या खुणा प्रत्येक फ्रेममध्ये कुठून कुठे सरकल्या, यावरून सॉफ्टवेअर दोन गोष्टी एकाच वेळी काढतं. एक म्हणजे खोलीचा नकाशा, आणि दुसरी म्हणजे त्या नकाशावरची तुमची जागा. अनोळखी इमारतीत फिरणाऱ्या रोबोंसाठी संशोधकांनी हे गणित अनेक वर्षं घोटलं होतं, ते व्हीआरला आयतं मिळालं. कॅमेरा संथ पण भरवशाचा, आणि चिप चपळ पण वाहवत जाणारी. दोघांची माहिती एकत्र केली की डोक्याची जागा काही मिलिमीटरच्या आत सांगता येते. अंधाऱ्या खोलीत किंवा कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर हेडसेट का गोंधळतो, तेही यावरून लक्षात येईल. टिपायला खुणाच नसतात.

काही हेडसेटमध्ये उलट पद्धत असते. खोलीच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या पेट्या न दिसणारे अवरक्त लेझर झोत फिरवत राहतात आणि हेडसेटवरचे सेन्सर आपल्यावर झोत केव्हा पडला याची वेळ नोंदवतात. ही पद्धत अतिशय अचूक आहे, पण पेट्या लावत बसणं कुणाला आवडत नाही, त्यामुळे कॅमेरेवाली पद्धत पुढे गेली.

२०१४ साली गुगलने पुठ्ठ्याचं ‘कार्डबोर्ड’ आणलं. त्यात फोन सरकवून अनेकांनी व्हीआर पहिल्यांदा पाहिलं आणि ‘हे एवढंच?’ असं म्हणून बाजूला ठेवलं. त्यांचं काही चुकलं नाही. त्यात डोक्याचं वळणं मोजलं जायचं, पुढे-मागे सरकणं मात्र नाही. पुढे झुकलात तर सगळं जगच तुमच्याबरोबर पुढे झुकायचं. ३६० अंशांच्या चित्रफितींनाही हीच मर्यादा आहे. कॅमेरा जिथे उभा होता तिथूनच सगळ्या दिशांना पाहता येतं, कशाच्या मागे डोकावता येत नाही. फक्त अशा फितींवरून व्हीआरबद्दल मत बनवणं घाईचं ठरेल.

वीस मिलिसेकंदांचं भांडण

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव डोक्याच्या वळण्याची वर्दी मेंदूला देतो. ही वर्दी मिळताच डोळे उलट्या दिशेला फिरतात, तेही सुमारे दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात. चालताना, मान हलवतानाही समोरची पाटी वाचता येते ती या सोयीमुळे. शरीराच्या सगळ्यात जलद प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक, आणि व्हीआरची गाठ हिच्याशीच आहे.

डोकं हलल्यापासून त्या हालचालीनुसार बदललेलं चित्र डोळ्यांत शिरेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा या क्षेत्रातला दंडक आहे. उशीर जास्त झाला की काय होतं? मान सेकंदाला १०० अंशांच्या वेगाने वळते आहे असं धरा. हा काही फार मोठा वेग नव्हे. २० मिलिसेकंदांच्या उशिराने जग २ अंश चुकीच्या जागी दिसेल, म्हणजे आकाशातल्या पूर्ण चंद्राच्या चौपट रुंदीएवढी चूक. उशीर १०० मिलिसेकंदांचा असेल तर १० अंश. मग जग जेलीसारखं लडबडतं आणि थोड्याच वेळात पोटात ढवळू लागतं.

सेकंदाला ९० फ्रेम दाखवणाऱ्या हेडसेटला एका फ्रेमसाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात डोकं मोजायचं, दोन डोळ्यांसाठी दोन दृश्यं रंगवायची, ती पडद्यावर पाठवायची आणि पडदा उजळायचा. सरळ मार्गाने हे जमत नाही, म्हणून हेडसेट चक्क भविष्य वर्तवतो. उंच उडालेला झेल घेणारा खेळाडू जसा चेंडू आत्ता आहे तिथे न धावता तो पडेल तिथे धावतो, तसा हेडसेट आत्ताच्या डोक्यासाठी चित्र काढत नाही. पडदा उजळेल त्या क्षणी डोकं कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि त्या जागेवरून दिसणारं दृश्य रंगवतो. मान जड असते, ती एका क्षणात थांबत नाही की दिशा बदलत नाही, त्यामुळे काही मिलिसेकंदांपुरता हा अंदाज बहुधा खरा ठरतो.

तरीही थोडी चूक उरतेच. त्यावर आणखी एक युक्ती आहे आणि मला ती सगळ्यात चलाख वाटते. चित्र रंगवून तयार झालं की पडद्यावर जाण्याच्या अगदी आधी डोकं पुन्हा एकदा मोजायचं आणि तयार चित्रच जरासं सरकवून नव्या दिशेला बसवायचं. नव्याने रंगवण्यापेक्षा सरकवणं कितीतरी स्वस्त पडतं. एखादी फ्रेम वेळेत तयारच झाली नाही, तर आधीची फ्रेम अशीच सरकवून वेळ मारून नेली जाते. जागरूक नसाल तर ते कळतही नाही. चटकन हात हलवल्यावर त्याच्या कडेला चित्र जरा फाटल्यासारखं किंवा विरघळल्यासारखं दिसलं, तर ही सारवासारव चालू आहे असं समजा.

पडदाही पूर्ण वेळ पेटलेला नसतो. तो ११ मिलिसेकंद उजळलेला राहिला आणि तेवढ्यात मान एक अंश वळली, तर चित्र डोळ्यांत फासल्यासारखं पसरतं. म्हणून प्रत्येक फ्रेम एक-दोन मिलिसेकंदच चमकते आणि उरलेला वेळ पडदा काळा असतो. हेडसेट घालून तुम्ही बराचसा वेळ अंधाराकडेच पाहत असता.

भिंगांची बाजू

डोळ्यांपासून चार-पाच सेंटीमीटरवर धरलेलं काहीही स्पष्ट दिसत नाही. म्हणून मध्ये बहिर्गोल भिंग लागतं. त्याच्यामुळे पडद्याचं चित्र डोळ्याला दीड-दोन मीटर लांब आणि भरपूर मोठं असल्यासारखं भासतं. पण एवढं मोठं करणारं भिंग कडांना चित्र ओढतं आणि रंगांची किनार फोडतं. उपाय गमतीदार आहे: संगणक आधीच चित्र उलट दिशेने वाकडं करून ठेवतो. पडद्यावर ते फुगीर पिंपासारखं दिसतं आणि भिंगातून जाताना सरळ होतं. रंगांचंही तसंच, तांबडा, हिरवा आणि निळा हे तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात वाकवले जातात.

आधीच्या हेडसेटमध्ये फ्रेनेल भिंगं होती. एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी तयार केलेली ही कल्पना, जाड भिंगाचा फक्त पृष्ठभाग कड्याकड्यांनी चपटा करण्याची. वजन कमी होतं, पण त्या कड्यांवरून प्रकाश विखुरतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं धुरकट दिसतात. आता पॅनकेक भिंगं आली आहेत. त्यांत प्रकाशाला आरशासारख्या थरांमध्ये मागे-पुढे परतवून कमी जागेत लांबचा प्रवास करायला लावतात. हेडसेट पातळ होतो, मात्र वाटेत बहुतेक प्रकाश वाया जातो आणि पडदा त्या मानाने झगझगीत असावा लागतो.

तीक्ष्ण नजरेला एका अंशात साधारण ६० पिक्सेल लागतात, तरच चित्रातले ठिपके कळत नाहीत. घरगुती हेडसेट अजून याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळत आहेत. त्यात माणसाचं आडवं दृष्टिक्षेत्र सुमारे २०० अंशांचं, आणि बहुतेक हेडसेट १०० ते ११० अंशच दाखवतात. पोहण्याच्या गॉगलमधून पाहिल्यासारखी काळी चौकट दिसते ती यामुळे. पिक्सेल वाढवले की रंगवण्याचं काम वाढतं, आणि वेळ तर तेवढाच. इथे डोळ्यांचा मागोवा घेणारे कॅमेरे उपयोगी पडतात. आपल्याला लख्ख दिसतं ते नजरेच्या मधल्या एक-दोन अंशांतच, बाकीचं मेंदू भरून काढतो. तेव्हा नजर जिथे आहे तेवढाच भाग बारकाईने रंगवायचा आणि कडेचा भाग ढोबळ ठेवायचा.

एक कोडं मात्र अजून बाजारात आलेल्या हेडसेटना सुटलेलं नाही. जवळची वस्तू पाहताना आपण दोन गोष्टी करतो: दोन्ही डोळे आत वळवतो, आणि डोळ्याच्या भिंगाचा आकार बदलून फोकस जुळवतो. व्हीआरमध्ये वस्तू हाताच्या अंतरावर असली तर डोळे आत वळतात, पण प्रकाश येतो तो दीड-दोन मीटरवरून आल्यासारखा. जन्मापासून जोडीने चालणाऱ्या या दोन सवयींची फारकत होते. अर्ध्या तासाने डोळे शिणतात, कपाळ ठणकतं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. म्हणूनच चांगले व्हीआर बनवणारे लोक वाचायचा मजकूर नाकासमोर न आणता थोडा लांब ठेवतात. बाहुल्यांमधलं अंतर आपल्या मापाचं करून घेण्याची कळ किंवा चाक हेडसेटवर असतं. ते न फिरवता ‘मला धूसरच दिसतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आवाजाचं काम तुलनेने सोपं. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि कानाच्या पाळीवर आपटून त्याचा पोत बदलतो. हे दोन्ही गणिताने उतरवता येतं. स्पर्शाचं काही फारसं जमलेलं नाही. हातातला कंट्रोलर थरथरतो, एवढंच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चॅपल हिल इथे संशोधकांनी लोकांना आभासी खड्ड्याच्या काठावर उभं केलं, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले दिसले. मग काठाच्या जागी जमिनीवर जेमतेम दीड इंच उंचीची खरी लाकडी फळी ठेवली. पायाला ती लागली आणि ठोके आणखी वाढले.

मळमळ, आणि उपयोग

सगळं अचूक जमलं तरी काहींना मळमळतं, कारण दोष यंत्राचा नसून दृश्याचा असतो. तुम्ही खुर्चीत बसला आहात आणि डोळ्यांपुढे गाडी वळणावर भरधाव चालली आहे. डोळे म्हणतात आपण धावतोय, आतला कान म्हणतो आपण बसलोय. बोट लागण्याचाच हा प्रकार, फक्त उलट्या बाजूने. त्यामुळे बऱ्याच खेळांत चालण्याऐवजी बोट दाखवून एकदम तिथे उडी घ्यायची सोय असते, किंवा वेग वाढला की चित्राच्या कडा काळ्या केल्या जातात. पहिल्यांदा वापरताना उभ्याउभ्या, आपल्या पायांनी हलायचे अनुभव निवडा आणि मळमळ सुरू होताच हेडसेट काढा. दामटून सवय होईल ही समजूत चुकीची आहे, त्याने नुसती नावड पक्की होते.

हीच फसवणूक कामालाही येते. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांना जखमा धुताना बर्फाळ दरीतून नेणारं आभासी जग दाखवलं. मन तिकडे गुंतल्यामुळे त्यांना वेदना कमी जाणवल्या. उंचीची भीती वाटणाऱ्यांना आभासी गच्चीवर पायरीपायरीने नेण्याचे उपचार १९९० च्या दशकापासून होत आहेत. १९९३ साली हबल दुर्बीण दुरुस्त करायला गेलेल्या नासाच्या अंतराळवीरांनी सरावात व्हीआर वापरलं होतं. जिथे खरा सराव धोक्याचा, महाग किंवा अशक्य आहे तिथे व्हीआर शोभतं. ऑफिसची बैठक हेडसेट घालून घेण्याचं प्रयोजन मला अजून पटलेलं नाही.

हे सगळं १९९० च्या दशकातच घरोघरी जाईल असं वाटत होतं. १९९५ मध्ये निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने काळ्यावर तांबडं चित्र दाखवणारा ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला, तो डोकं मोजतच नव्हता, आणि वर्षभरात गुंडाळला गेला. व्हीआरला वर काढलं ते स्मार्टफोनने. फोनसाठी लाखोंनी बनू लागलेले छोटे दाट पडदे आणि जायरोस्कोपच्या स्वस्त चिपा हाताशी आल्यावर २०१२ साली ऑक्युलसने लोकवर्गणीतून हेडसेट उभा केला. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेतली. तिच्या २०१९ च्या ‘क्वेस्ट’ या हेडसेटपासून संगणकाची वायरही गेली. आता बाहेरच्या कॅमेऱ्यांतून खरी खोली दाखवून तिच्यातच आभासी वस्तू मांडणारे हेडसेट आले आहेत. अ‍ॅपलचा २०२४ चा ‘व्हिजन प्रो’ त्यांतलाच.

मोजण्याच्या यंत्राची दुसरी बाजूही आहे. तुमची उंची, हाताची लांबी, मान वळवण्याची ढब, हे सारं हेडसेटला मोजणीतून कळतंच, आणि ती मोजणी थांबवली तर तो चालणारच नाही. डोळ्यांचा मागोवा घेणारे कॅमेरे असतील तर कुठल्या वस्तूवर नजर किती रेंगाळली, तेही कळतं. २०२३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी एका लोकप्रिय खेळाच्या ५०,००० हून अधिक खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. डोकं आणि दोन हात यांची १०० सेकंदांची हालचाल एवढ्यावरून त्यांनी त्या हजारोंतून नेमका माणूस ९४ टक्के वेळा ओळखला. नाव किंवा चेहरा यांची गरजच पडली नाही. फोनचा कॅमेरा झाकता येतो, लोकेशन बंद करता येतं. हेडसेटमध्ये डोक्याची मोजणी बंद केली तर उरतो तो व्हीटस्टन यांचा स्टिरिओस्कोप. त्यामुळे ही माहिती हेडसेटमध्येच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि अ‍ॅप बनवणाऱ्याला तिच्यातलं किती मिळतं, हे खरेदीआधी त्या-त्या कंपनीच्या गोपनीयता धोरणात पाहून घ्यावं.